प्रतिध्वनी सतरा मीटरवरच का?

'प्रतिध्वनी ऐकू येण्यासाठी परावर्तन करणारा पृष्ठभाग कमीत कमी किती अंतरावर असावा लागतो?' हा प्रश्न विचारला की नववीच्या वर्गातले निम्मे हात तरी वर जातात. उत्तर सर्वांना पाठ असते : १७.२ मीटर. कारणही पाठ असते. आपल्या मेंदूत ध्वनीचे सातत्य ०.१ सेकंद टिकते, म्हणून मूळ ध्वनी आणि परावर्तित ध्वनी यांत निदान तेवढे अंतर हवे. २२ अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर. ३४४ गुणिले ०.१ म्हणजे ३४.४ मीटर, हे जाऊन-येऊन अंतर. त्याचे निम्मे १७.२. बालभारतीच्या २०१७ साली आलेल्या नववीच्या पुस्तकात हेच दिले होते आणि एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकातही हाच आकडा, हेच कारण होते. मीही अनेक वर्षे हेच शिकवले.

या लेखात त्या एका वाक्याची तपासणी करायची आहे. वाक्य लहान आहे, पण ध्वनीच्या पाठात मेंदूचा उल्लेख येतो तो बहुधा याच एका ठिकाणी. आणि नेमका तिथेच तो चुकीचा आला आहे, असे माझे म्हणणे आहे.

मैदानावरची नोंद

२०१८ च्या हिवाळ्यातली गोष्ट. छत्रपती संभाजीनगर शहर तेव्हा औरंगाबाद म्हणून ओळखले जाई. सकाळच्या थंडीत मी नववीच्या मुलांना घेऊन मैदानावर गेलो. मैदानाच्या एका कडेला लांबच लांब, खिडक्या नसलेली उंच भिंत होती. मोजपट्टी घेतली, सुतारकामाच्या तासाचे दोन लाकडी ठोकळे घेतले. भिंतीकडे तोंड करून ठोकळे आपटायचे, एकेक मीटर मागे सरकत जायचे आणि प्रतिध्वनी प्रथम कोठे वेगळा ऐकू येतो त्याची नोंद करायची, असा प्रयोग होता.

दहा मीटरच्या खुणेपाशी एक मुलगी थांबली आणि म्हणाली, "सर, इथूनच दोनदा ऐकू येतंय."

मी म्हणालो, "अजून मागे जा. सतराला पोहोचलीस की सांग."

ती मागे गेली. सतराला पोहोचल्यावर तिने मान डोलावली आणि वहीत १७ लिहिले. मी तिला दहापैकी दहा गुण दिले. पुढे केव्हातरी सुट्टीच्या दिवशी मी एकटाच तेच ठोकळे घेऊन त्याच भिंतीसमोर उभा राहिलो. दहा मीटरवर 'टक्-टक्' असे दोन आवाज मलाही स्वच्छ ऐकू आले. म्हणजे मुलीचे निरीक्षण बरोबर होते आणि मी पूर्ण गुण दिले ते तिने स्वतःच्या कानावर अविश्वास दाखवल्याबद्दल!

पहिल्या विधानाची परीक्षा

पुस्तकातील गणितात खोट नाही. खोट असलीच तर ती गणित ज्यावर उभे आहे त्या विधानात आहे. मेंदू प्रत्येक ध्वनी ०.१ सेकंद धरून ठेवतो आणि त्या अवधीत आलेला दुसरा ध्वनी पहिल्यात मिसळून जातो, हे खरे आहे का? त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

तबला घ्या. द्रुत तीनतालात मिनिटाला १८० मात्रांची लय धरली तर सेकंदाला तीन मात्रा होतात. प्रत्येक मात्रेत 'तिरकिट'सारखे चार बोल वाजले तर सेकंदाला बारा आघात झाले. दोन आघातांमध्ये ०.०८३ सेकंद, म्हणजे ०.१ पेक्षा कमी. पुस्तकाचे विधान खरे असते तर रेला ऐकताना आपल्याला सलग घरघर ऐकू आली असती. प्रत्यक्षात जाणकार श्रोता त्यातला एखादा चुकलेला बोलही ओळखतो.

आपली भाषा घ्या. 'ताट' आणि 'थाट' हे शब्द म्हणून पाहा. जीभ दातांपासून सुटल्यावर 'त' मध्ये कंठातला स्वर जवळजवळ लगेच सुरू होतो. 'थ' मध्ये मधे हवेचा झोत येतो आणि स्वर सेकंदाच्या काही शतांश भागांनी उशिरा सुरू होतो. एवढ्याशा फरकावर पहिलीतले मूलही जेवणाचे ताट आणि लग्नाचा थाट यांत गल्लत करीत नाही. सलग आवाजात दोन-तीन मिलीसेकंदांचा खंड पडला तरी निरोगी कानाच्या माणसाला तो कळतो, हे प्रयोगांनी दाखवून दिलेले आहे. मिलीसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. मेंदू ध्वनीला १०० मिलीसेकंद चिकटून बसत असता तर हे शक्यच नव्हते.

चित्रपटाच्या पडद्यावरील स्थिर चित्रे सलग का दिसतात हे सांगताना दृष्टिसातत्याची कल्पना वापरतात. त्याच धर्तीवर कानासाठीही एक 'सातत्य' कोणीतरी योजले असावे असे वाटते. परंतु कान म्हणजे दुसरा डोळा नव्हे. काळाच्या बाबतीत तो डोळ्यापेक्षा कितीतरी तल्लख आहे. किती, ते पाहण्यासाठी पाठात सहसा न येणारा एक प्रश्न विचारावा लागतो.

दोन कानांचा हिशेब

तो प्रश्न असा : आपल्याला कान दोन का? आकृतीत आपण नेहमी एकच कान काढतो. कर्णपाळी ध्वनी गोळा करते, पडदा कंप पावतो, तीन हाडे ती कंपने पुढे देतात, गोगलगाईच्या शंखासारख्या कर्णावर्तात त्यांचे विद्युतसंदेश होतात आणि श्रवणचेता ते मेंदूकडे नेते. येथे बाण संपतो. मेंदू पुढे काय करतो, हे आकृतीबाहेर राहते.

वर्गात डोळे मिटून बसलेल्या मुलाच्या उजवीकडे किल्ल्यांचा जुडगा वाजवा. तो अचूक उजवीकडे बोट दाखवतो. पण कर्णावर्तात दिशेचा नकाशा नसतो. तेथील केशपेशी ध्वनीची वारंवारिता आणि तीव्रता सांगतात, दिशा नाही. दिशा मेंदूला हिशेब करून काढावी लागते.

हिशेबाची सामग्री दोन प्रकारची असते. उजवीकडून आलेला ध्वनी उजव्या कानाला आधी पोहोचतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानाला नंतर. हा वळसा सुमारे साडेबावीस सेंटिमीटरचा धरला तर ०.२२५ भागिले ३४४ म्हणजे सुमारे ०.०००६५ सेकंद, अर्थात ६५० मायक्रोसेकंद. हा जास्तीत जास्त फरक झाला. दुसरे म्हणजे डोक्याची सावली पडते, त्यामुळे दूरच्या कानाला आवाज क्षीण पोहोचतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली दाखवले की खालच्या पट्टीतील ध्वनींसाठी वेळेचा फरक उपयोगी पडतो आणि वरच्या पट्टीतील ध्वनींसाठी तीव्रतेचा. दोहोंमधली सीमा साधारण १५०० हर्ट्झच्या आसपास येते. मुलांकडून तरंगलांबी काढून घ्या : ३४४ भागिले १५०० म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर. डोक्याच्या आकाराशी ही लांबी जुळते! लांब तरंग डोक्याला सहज वळसा घालतात, आखूड तरंगांची सावली पडते.

अगदी समोरच्या ध्वनीची दिशा माणूस सुमारे एका अंशापर्यंत ओळखू शकतो. याचा अर्थ दोन कानांतला सुमारे दहा मायक्रोसेकंदांचा फरक त्याला जाणवतो. एका चेतापेशीतील आवेगालाच सुमारे एक मिलीसेकंद लागतो. त्याच्या शंभराव्या भागाइतका फरक मेंदू ओळखतो. आणि याच मेंदूबद्दल आपण फळ्यावर लिहितो की तो सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतले ध्वनी वेगळे करू शकत नाही!

हे काम मेंदूच्या वरच्या, विचार करणाऱ्या भागात सुरू होत नाही. दोन्ही कानांचे संदेश मस्तिष्कस्तंभात, ऑलिव्हच्या फळावरून नाव पडलेल्या चेतापेशींच्या एका समूहात प्रथम एकत्र येतात. तिथे काय घडते याची एक सुंदर कल्पना लॉईड जेफ्रेस यांनी १९४८ साली मांडली. आपल्या शहरातले उदाहरण घेऊ. एक मित्र पैठण गेटहून निघाला आणि दुसरा गुलमंडीहून. दोघांची चाल सारखी. ते बरोबर मध्यावर भेटले तर एकाच वेळी निघाले होते; गुलमंडीच्या जवळ भेटले तर गुलमंडीवाला उशिरा निघाला. भेटीची जागा पाहून निघण्याच्या वेळेतला फरक कळतो, घड्याळ लागत नाही. जेफ्रेस यांच्या मते दोन कानांचे आवेगही असेच समोरासमोर येतात आणि ज्या पेशीपाशी ते एकाच क्षणी पोहोचतात ती पेशी उत्तेजित होते.

गव्हाणी घुबडात जवळजवळ अशीच रचना सापडली. एरिक नुडसेन आणि मासाकाझू कोनिशी यांनी १९७८ साली या घुबडाच्या मध्यमेंदूत ध्वनीच्या दिशांचा नकाशा असल्याचे दाखवले. पण येथेही सावध राहायला हवे. पुष्कळ पुस्तकांत घुबडाची आकृती माणसाच्या नावावर खपवली जाते. सस्तन प्राण्यांवरील पुढील संशोधनात, विशेषतः २००२ नंतर, दिसले की तेथे नेमक्या वेळी येणाऱ्या निरोधक संदेशांचा मोठा वाटा असतो, आणि दिशा एका विशिष्ट पेशीवरून नव्हे तर डाव्या-उजव्या बाजूंच्या पेशीसमूहांच्या तुलनेतून ठरत असावी. हा वाद अजून मिटलेला नाही. मुलांना हेही सांगावे.

कर्णपाळीबद्दल 'ध्वनी गोळा करते' एवढेच म्हणणेही तिच्यावर अन्याय करणारे आहे. वरून आणि खालून येणाऱ्या ध्वनींचा दोन कानांतला फरक सारखाच असतो. तेथे पाळीच्या वळ्या आणि खळगे कामी येतात. दिशेनुसार त्या काही वारंवारिता वाढवतात, काही घटवतात. नेदरलँड्समधील हॉफमन, व्हॅन रिस्विक आणि व्हॅन ऑपस्टाल यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांच्या पाळ्यांत साचे बसवून त्यांचा आकार बदलला. डावे-उजवे जवळपास पूर्वीसारखे कळत राहिले, पण वर-खाली ओळखता येईना. काही आठवड्यांत ते पुन्हा जमू लागले. साचे काढल्यावर जुने कसबही शाबूत होते. म्हणजे आपापल्या कानांचा आकार मेंदू शिकून घेतो.

मग खोलीत प्रतिध्वनी का नाही?

आता एक आक्षेप येईल. वर्गाच्या भिंती तीन-चार मीटरवर आहेत, तेथून ध्वनी परत येतोच. मग प्रत्येक शब्द अनेकदा का ऐकू येत नाही? मेंदू ध्वनी धरून ठेवत नसेल तर हे कसे?

आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर पुस्तकातल्या उत्तराहून अधिक रंजक आहे. १९४९ साली वॅलॅक, न्यूमन आणि रोझेन्झ्वाइग यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत हेल्मुट हास यांनी, दोन ध्वनिक्षेपकांवरून तोच ध्वनी थोड्या अंतराने ऐकवून पाहिला. श्रोत्यांना एकच ध्वनी ऐकू आला आणि तो आधी वाजलेल्या ध्वनिक्षेपकाकडून आल्यासारखा वाटला. बोलण्याच्या बाबतीत दुसरा ध्वनी मोठा असला तरी असे घडते, हे हास यांनी दाखवले. मेंदू पहिल्या आगमनाला दिशेचा मान देतो आणि मागून येणाऱ्यांचा दिशेवरचा हक्क नाकारतो. मात्र तो त्यांना फेकून देत नाही. त्यांच्यावरून खोली मोठी की लहान, रिकामी की भरलेली, हे आपल्याला समजते. घर बदलताना सामान हलवल्यावर रिकाम्या खोलीतला आवाज वेगळा वाटतो तो यामुळेच.

ही मर्यादा सर्व ध्वनींना सारखी नसते. टकटक अशा अत्यंत आखूड ध्वनींसाठी ती प्रयोगशाळेत पाच ते दहा मिलीसेकंदांच्या आसपास येते, बोलण्यासाठी तीस ते पन्नास, संथ संगीतासाठी त्याहूनही जास्त. अमेरिकेतील जोसेफ हेन्री यांनी तर १८५० च्या दशकातच भिंतीसमोर टाळ्या वाजवून हा प्रयोग केला होता. त्यांना प्रतिध्वनी सुमारे ३० फुटांवरून, म्हणजे नऊ मीटरवरून, वेगळा ऐकू आला. माझी विद्यार्थिनी दहा मीटरवर थांबली होती!

वटवाघळाचे उदाहरण बहुतेक पुस्तकांत असते. दौलताबादच्या किल्ल्यातील अंधारीत वटवाघळे भिंतींना न धडकता उडताना आपल्या मुलांनी पाहिलेली असतात. एक मीटरवरच्या भिंतीचा प्रतिध्वनी सहा मिलीसेकंदांत परत येतो. मुलांचा समज असा होतो की हे वटवाघळाला जमते, माणसाला नाही. परंतु १९४४ साली कॉर्नेल विद्यापीठातील सुपा, कॉट्झिन आणि डॅलनबाख यांनी दाखवले की अंध व्यक्ती समोरचा अडथळा ओळखतात तो 'चेहऱ्याला जाणवून' नव्हे, तर पावलांच्या आवाजाचे परावर्तन ऐकून. डोळे बांधलेल्या डोळस व्यक्तीही सरावाने ते शिकल्या. काही मीटरवरच्या, कधी त्याहूनही जवळच्या अडथळ्याचा हा प्रतिध्वनी शंभर मिलीसेकंदांच्या कितीतरी आधी कानावर येतो. 'सतरा मीटरच्या आत प्रतिध्वनी नाही' हे वाक्य अंध विद्यार्थी असलेल्या वर्गात उच्चारणे, म्हणजे तो रोज जे वापरतो ते नसल्याचे सांगणे होय.

वेरूळच्या दहाव्या लेण्यात

आपल्या जिल्ह्यातील शाळांची सहल वेरूळला जातेच. तेथील दहावे लेणे, विश्वकर्मा किंवा 'सुतार की झोपडी', हे चैत्यगृह सुमारे २६ मीटर लांब, १३ मीटर रुंद आणि १० मीटर उंच आहे. वर लाकडी फासळ्यांसारखे कोरलेले कमानदार छत आहे. मध्यभागी उभ्या असलेल्या माणसापासून बाजूच्या भिंती साडेसहा मीटरवर. तेथून ध्वनी ३८ मिलीसेकंदांत परत येतो. स्तंभ, फासळ्या आणि स्तूप यांमुळे तो असंख्य वाटांनी विखरून येतो. म्हणून तेथे सुटा प्रतिध्वनी नव्हे, तर निनाद ऐकू येतो. तेथे मुलांना दोन गोष्टी ऐकायला सांगाव्यात. मार्गदर्शक बोलत असता डोळे मिटले तरी तो कोठे उभा आहे हे कळते, कारण पहिली लाट थेट त्याच्याकडून येते. पण तो भराभर बोलू लागला की शब्द एकमेकांवर चढतात, कारण मागचा निनाद पुढच्या अक्षरांना झाकतो.

हा निनाद ऐकून 'प्राचीन शिल्पकारांना आधुनिक ध्वनिशास्त्र अवगत होते' असे विधान करण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्यालाही आवर घालावा. उघड्या दगडाचे, कमानदार छताचे कोणतेही दालन घुमणारच. ते घुमते एवढ्यावरून ते घुमण्यासाठीच कोरले, असे सिद्ध होत नाही.

आकडा ठेवावा, कारण बदलावे

१७ मीटरचा आकडा सर्वस्वी निरुपयोगी नाही. आपण 'ओ' अशी हाक मारतो तेव्हा तो ध्वनीच सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक काळ चालतो. परावर्तित ध्वनी त्याआधी आला तर हाकेतच मिसळतो. तेव्हा हाकेचा प्रतिध्वनी सुटा ऐकण्यासाठी सतरा मीटर किंवा अधिक अंतर हवे, हे व्यवहारात पटण्याजोगे आहे. परंतु तेथे कारण हाकेच्या लांबीत आहे, मेंदूच्या मंदपणात नाही. पाठात असे लिहिता येईल : 'टाळीसारख्या आखूड ध्वनीचा प्रतिध्वनी सुमारे नऊ-दहा मीटरवरून ऐकू येऊ शकतो, हाकेसाठी अधिक अंतर लागते, नेमके अंतर ध्वनीच्या लांबीवर, त्याच्या तीव्रतेवर आणि ऐकणाऱ्यावर अवलंबून असते.' परीक्षेला एक आकडा हवा असतो, हे मान्य. मग 'हाकेसाठी' हा शब्द घालून आकडा विचारावा.

दोन कानांचा प्रयोग तर पाच मिनिटांत होतो. एक मीटर लांबीची स्वच्छ रबरी नळी घ्यावी. तिची दोन टोके मुलाने दोन्ही कानांपाशी धरावीत (आत खुपसू नयेत) आणि नळी पाठीमागे सोडावी. मध्यावर खूण करून दुसऱ्याने पेन्सिलीने हलकेच टिचकी मारावी. मध्यापासून एकच सेंटिमीटर उजवीकडे टिचकी मारली तर दोन वाटांत दोन सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे सुमारे ५८ मायक्रोसेकंद. बहुतेक मुले एक-दोन सेंटिमीटरच्या आतच 'उजवीकडे' म्हणतात. मेंदूच्या वेळेच्या जाणिवेचा हा पुरावा कोणत्याही शाळेला परवडतो.

या प्रयोगात एखादे मूल सतत चुकले तर त्याला हसू नये, देऊ नये. त्याला एका कानाने कमी ऐकू येत असण्याची शक्यता आहे. असे मूल शांत वर्गात सगळे ऐकते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही; पण हाक कोणी मारली हे त्याला कळत नाही, गोंगाटात शब्द निवडता येत नाहीत, आणि आपण त्याला 'लक्ष नसलेला' ठरवून मोकळे होतो. पालकांना कानाची तपासणी सुचवावी आणि त्याचा चांगला कान आपल्याकडे येईल अशी जागा द्यावी. आकृतीत दुसरा कान काढला असता तर ही शंका आपल्याला कदाचित आधी आली असती.

ती मुलगी आता शाळेत नाही. तिच्या वहीतला १७ चा आकडा दुरुस्त करणे माझ्या हातात राहिलेले नाही. त्यानंतरच्या प्रत्येक वर्गाला मात्र मी आधी मैदानावर नेतो, नोंदी फळ्यावर लिहून घेतो आणि मगच पुस्तक उघडायला सांगतो. गेल्या खेपेच्या नोंदी आठ ते तेरा मीटरच्या दरम्यान होत्या. शिक्षकमित्रांनी आपापल्या शाळेच्या भिंतीसमोर हा प्रयोग करावा; अंतर, तापमान आणि ध्वनी कशाने काढला हे लिहून संपादकांकडे पाठवावे. मुले जे ऐकतील तेच त्यांनी लिहावे, एवढी एकच अट.